सुईवाटे आलेला यकृतरोग : इजिप्तच्या रुग्णालयांचा अनुभव

नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील सरकारी रुग्णालयांमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एकाच प्रकारच्या रुग्णांची गर्दी दिसू लागली. हे रुग्ण बहुतांशी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले शेतकरी असत. हातपाय कृश, डोळे पिवळसर आणि पोट पाण्याने तटतटलेले, अशी त्यांची अवस्था असे. कोणी रक्ताची उलटी होऊन येई, कोणी भान हरपलेल्या स्थितीत आणला जाई. उपचारांनी थोडा आराम पडून रुग्ण घरी जाई आणि काही आठवड्यांनी त्याच तक्रारीसाठी पुन्हा दाखल होई. आपल्याकडे जलोदराचा रुग्ण दिसला की मद्यपानाची शंका प्रथम घेतली जाते व ती पुष्कळदा खरीही असते. परंतु मद्यपानाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या इजिप्तच्या ग्रामीण समाजात हे स्पष्टीकरण लागू पडण्यासारखे नव्हते. या रोगाचे बीज पंधरा ते चाळीस वर्षांपूर्वी, गावोगावी राबविलेल्या एका आरोग्य मोहिमेत पेरले गेले होते.

बिल्हार्झिया निर्मूलनाची मोहीम

इजिप्तची शेती नाईलच्या कालव्यांवर अवलंबून आहे. या कालव्यांतील गोगलगायींच्या शरीरात वाढणारा एक कृमी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतो. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरो येथे या कृमीचा शोध लावला आणि त्याच्याच नावावरून रोगाला बिल्हार्झिया हे नाव पडले. (भारतात हा रोग जवळजवळ नाही. तथापि रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे एक लहानसे केंद्र १९५२ मध्ये नोंदले गेले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांना कुतूहलाची वाटेल.) लघवीतून रक्त जाणे, यकृत व प्लीहा वाढणे, अशक्तपणा येणे या लक्षणांनी पिढ्यान्पिढ्या इजिप्तचा शेतकरी गांजलेला होता. बारमाही सिंचन वाढले तसा रोगही वाढला.

१९१८ मध्ये सुदानमधील खार्टूम येथे क्रिस्टोफरसन या डॉक्टरने टार्टार एमेटिक या अँटिमनीयुक्त क्षाराने हा रोग बरा होतो असे दाखवून दिले. हे औषध पोटातून घेण्याजोगे नव्हते. ते शिरेतूनच द्यावे लागे आणि एकेका रुग्णास सुमारे बारा ते सोळा इंजेक्शने आठवड्याच्या अंतराने घ्यावी लागत. इजिप्तच्या शासनाने हा उपचार गावोगावी मोफत पुरविला. विशेषतः १९५० नंतरच्या तीन दशकांत ही मोहीम फार मोठ्या प्रमाणावर चालली. रोगाने पिचलेल्या ग्रामीण जनतेला त्या काळी उपलब्ध असलेले उत्तम औषध पोहोचविणे हाच तिचा हेतू होता.

दोष होता तो पिचकारीत. काचेच्या मोजक्या पिचकाऱ्या आणि त्याच त्या सुया शेकडो लोकांना वापरल्या जात. १९६० च्या दशकातील एका प्रत्यक्षदर्शी नोंदीनुसार एका कुशल डॉक्टरने तासाभराच्या आत पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांना व मुलांना इंजेक्शने दिली. वापरलेली पिचकारी परिचारिका धुई, एक-दोन मिनिटे उकळी आणि ती पुन्हा डॉक्टरच्या हाती येई. एवढ्या अल्प उकळण्याने रक्तातील विषाणू नष्ट होत नाहीत. सुईवाटे कावीळ पसरते हे वैद्यकशास्त्राला १९४० च्या दशकापासून माहीत होते. परंतु समोर रांग लागलेली असताना आणि ठरलेली रुग्णसंख्या पूर्ण करावयाची असताना उकळण्याची मिनिटे हीच सर्वात सहज कापता येणारी गोष्ट ठरली. मोठ्या मोहिमा चालविणाऱ्या कोणत्याही खात्याला हा मोह अपरिचित नाही.

१९८० च्या दशकात प्राझिक्वांटेल ही पोटात घेण्याची गोळी आली आणि इंजेक्शनांची मोहीम थांबली. हिपॅटायटिस सी या विषाणूचा शोध मात्र त्यानंतर, १९८९ मध्ये लागला. या शोधाशी संबंधित कार्यासाठी हार्वे आल्टर, मायकेल हाउटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. विषाणूची चाचणी उपलब्ध होताच कैरोमधील रक्तदात्यांची तपासणी झाली, तेव्हा दहा टक्क्यांहून अधिक दात्यांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. जगातील अन्य बहुतेक देशांत हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात होते. पुढे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे कोडे उलगडले. ज्या विभागांत व ज्या वयोगटांत टार्टार एमेटिकची इंजेक्शने अधिक दिली गेली होती, त्याच विभागांत व वयोगटांत या विषाणूचे प्रमाण अधिक होते. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील सुमारे पंधरा टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली आणि सुमारे दहा टक्के लोकांच्या शरीरात प्रत्यक्ष विषाणू होता.

संसर्गाचा हा साठा एकदा निर्माण झाल्यावर तो केवळ जुन्या पिढीपुरता राहिला नाही. रक्त देणे, दंतोपचार, मूत्रपिंडाच्या रुग्णांचे डायलिसिस, घरगुती इंजेक्शने या मार्गांनी तो तरुणांतही पोहोचत राहिला.

रोग रुग्णालयाच्या दारी कसा येतो

या विषाणूचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा संथपणा. संसर्ग झालेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे पंधरा ते पंचेचाळीस व्यक्ती सहा महिन्यांत कोणत्याही औषधाविना विषाणूमुक्त होतात. उरलेल्यांत विषाणू कायमचे घर करतो. अशा रुग्णाला वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. तो शेतात काम करतो, कुटुंब पोसतो आणि कधी थकवा आला तर तो वयाचा परिणाम मानतो. दरम्यान यकृताच्या पेशी हळूहळू मरतात व त्यांच्या जागी व्रणासारखे कठीण तंतू येतात. वीस वर्षांच्या काळात अशा रुग्णांपैकी सुमारे पंधरा ते तीस टक्के लोकांचे यकृत आक्रसून गाठाळ बनते. यालाच सिरोसिस म्हणतात. सिरोसिस झाल्यावरही काही वर्षे यकृत कसेबसे काम निभावते. रुग्णालयावरचा खरा भार सुरू होतो तो ही निभावण्याची शक्ती संपल्यानंतर.

आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला कठीण झालेल्या यकृतापाशी अडते. बांध घातलेल्या ओढ्याचे पाणी आजूबाजूच्या चरांत शिरावे तसे हे रक्त अन्ननलिकेच्या खालच्या भागातील बारीक नीलांत शिरते. त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. मग रुग्ण तांबड्या किंवा काळसर रक्ताची उलटी करतो. दुसरीकडे पोटाच्या पोकळीत पाणी साचू लागते, हाच जलोदर. यकृत गाळू न शकलेली अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात, तेव्हा रुग्ण रात्री जागा व दिवसा झोपाळू राहतो, असंबद्ध बोलतो आणि अखेर बेशुद्ध होतो. आपल्या खेड्यांत अशा रुग्णाला बाहेरची बाधा झाली असे समजून अंगारा-धुपाऱ्यात मोलाचे दिवस घालविले जातात. याखेरीज सिरोसिस झालेल्या शंभर रुग्णांपैकी दरवर्षी एक ते पाच जणांना यकृताचा कर्करोग होतो. इजिप्तमधील पुरुषांत यकृताचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग ठरला, तो याच कारणाने.

इजिप्तच्या डॉक्टरांपुढे आणखी एक गुंता होता. बिल्हार्झियाच्या कृमीची अंडीही यकृतात तंतू निर्माण करतात आणि त्यामुळेही नीला फुगून रक्तस्राव होतो. एकाच रुग्णाच्या यकृतावर जुन्या कृमीने व त्या कृमीच्या औषधातून आलेल्या विषाणूने, अशी दोन्हीकडून झालेली हानी दिसे. वाढलेली प्लीहा व जलोदर हे दीर्घकाळ बिल्हार्झियाच्याच खाती जमा होत राहिले.

एका खाटेचा हिशेब

या आजारात एका रुग्णामागे रुग्णालयाला काय काय लागते याचा तपशील पाहिल्याखेरीज ‘भार’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होत नाही. रक्ताची उलटी होऊन आलेल्या रुग्णास तातडीने रक्त द्यावे लागते. दुर्बिणीची नळी घशातून उतरवून फुटलेल्या नीलांना रबरी कडी बसवावी लागतात. नीलांतील दाब कमी करणारी व जंतुसंसर्ग टाळणारी औषधे शिरेतून चालू ठेवावी लागतात. हे सर्व होऊनही सुमारे सहा आठवड्यांत अशा रुग्णांपैकी पाच-सहांमागे एक दगावतो. जो वाचतो त्याच्यावर पुढील प्रतिबंधक उपचार झाले नाहीत, तर एक-दोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो.

जलोदराचे पाणी सुईने काढता येते, परंतु पाच लिटरपेक्षा अधिक पाणी एकाच वेळी काढले तर रक्ताभिसरण ढासळून मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे आठ ग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन शिरेतून द्यावे लागते. आठ लिटर पाणी काढले तर वीस ग्रॅमच्या तीन बाटल्या लागतात. हे प्रथिन दात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होत असल्याने महाग असते. पाणी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरते व तोच खर्च पुन्हा उभा राहतो. कधी या पाण्यातच जंतुसंसर्ग होतो, तेव्हा मुक्काम लांबतो. एकदा हा टप्पा गाठल्यावर प्रत्यारोपण न झाल्यास निम्मे रुग्ण साधारणतः दोन वर्षांच्या आसपास मरण पावतात. या दोन वर्षांत तोच रुग्ण किती वेळा दाखल होतो याची मोजणी केली, तर एक रुग्ण म्हणजे एक खाट हे गणित चुकीचे ठरते.

यकृत प्रत्यारोपण हा अंतिम उपाय होय. इजिप्तमध्ये तो जवळजवळ सर्वस्वी जिवंत दात्यांवर अवलंबून राहिला. म्हणजे मुलाने किंवा भावाने स्वतःच्या यकृताचा भाग द्यावयाचा. त्यातील खर्च, दात्याच्या जिवाची जोखीम आणि रुग्णांची प्रचंड संख्या पाहता या मार्गाने वाचणारे अगदी थोडे. २०१५ च्या सुमारास देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे साडेसात टक्के मृत्यू या एकाच विषाणूमुळे होतात असा अंदाज होता.

औषध आणि त्याची किंमत

पूर्वीचा उपचार इंटरफेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांचा होता. तो सामान्यतः अठ्ठेचाळीस आठवडे चाले, ताप व नैराश्य यांसारखे त्रास देई आणि इजिप्तमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या चौथ्या प्रकारच्या विषाणूवर जेमतेम निम्म्या रुग्णांत यशस्वी होई. ज्यांचे यकृत पुरते निकामी झाले होते त्यांना तो देताच येत नसे. म्हणजे ज्या रुग्णांनी खाटा भरल्या होत्या, नेमके तेच उपचाराबाहेर राहत.

सोफोसबुविर हे गोळीच्या रूपातील औषध आल्यावर चित्र पालटले. बारा आठवड्यांच्या उपचारास अमेरिकेत ८४,००० डॉलर किंमत ठेवण्यात आली होती. इजिप्तच्या शासनाने उत्पादक कंपनीशी वाटाघाटी करून २०१४ मध्ये तेच औषध ९०० डॉलरमध्ये मिळविले. पुढे देशातील कारखान्यांनी ते तयार करण्यास आरंभ केल्यावर किंमत आणखी उतरली. आरंभी औषध मर्यादित असल्याने यकृताची अधिक हानी झालेल्या रुग्णांना प्राधान्य देण्यात आले. रुग्णालयांच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता, कारण त्यांच्यापैकीच कोणीतरी पुढच्या वर्षी खाटेवर येणार होता.

त्यानंतर मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. नाव नोंदवून येणारे रुग्ण संपू लागले, औषध शिल्लक राहू लागले, आणि देशात लाखो लोक रोगाची जाणीव नसताना वावरतच होते. म्हणून ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत शासनाने प्रौढ नागरिकांची सरसकट तपासणी केली. बोटाच्या रक्ताचा एक थेंब घेऊन काही मिनिटांत निकाल देणारी ही चाचणी होती. रुग्णालयांबरोबरच फिरत्या पथकांचाही तीत उपयोग केला गेला. रक्तातील साखर, रक्तदाब व वजन यांचीही त्याच वेळी नोंद झाली. सुमारे ४ कोटी ९६ लाख लोक तपासले गेले. त्यांपैकी सुमारे २२ लाख, म्हणजे ४.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. पुढील चाचणी झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींच्या शरीरात विषाणू होता. त्यांच्यावर विनामूल्य उपचार सुरू झाले आणि ज्यांचा निकाल हाती आला त्यांच्यात ९८ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सी निर्मूलनाच्या वाटचालीतील ‘सुवर्ण’ दर्जा इजिप्तला दिला. हा दर्जा मिळविणारा तो पहिला देश होता.

एवढे मोठे यश मिळूनही रुग्णालयांतील खाटा एकदम रिकाम्या होत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. विषाणू गेला तरी यकृताचे झालेले नुकसान पूर्णपणे भरून येईलच असे नाही. सिरोसिसपूर्वी बरा झालेला रुग्ण जवळपास निरोगी आयुष्य जगतो. सिरोसिसनंतर बरा झालेल्या रुग्णाला जलोदराचा व रक्तस्रावाचा धोका पुष्कळ कमी होतो, परंतु कर्करोगाचा धोका शिल्लक राहतो. अशा व्यक्तीची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होणे आवश्यक असते. गाठ लहान असताना सापडली तर ती काढून किंवा जाळून टाकता येते. ‘बरा झाला’ असा शेरा मारून रुग्णाचे कागद बासनात बांधले गेले, तर तो थेट कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतच पुन्हा भेटतो.

आपल्या गावाशी संबंध

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी आणि भारतात सुमारे ५५ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. टक्केवारीने भारत इजिप्तच्या पुष्कळ खाली आहे, परंतु रोग सर्वत्र सारखा पसरलेला नाही. पंजाबमध्ये प्रमाण लक्षणीय आढळल्याने त्या राज्याने २०१६ मध्येच मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमास आरंभ झाला. या कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे विनामूल्य दिली जातात. सर्वसाधारण रुग्णास सोफोसबुविर व डॅक्लाटासविर या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात. सिरोसिस झालेल्यांसाठी औषधयोजना वेगळी असते व ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठरते. हिपॅटायटिस बी प्रमाणे या रोगावर प्रतिबंधक लस नाही, त्यामुळे सुई, वस्तरा व रक्त यांची स्वच्छता हेच संरक्षण उरते.

सुईबद्दलचे आकर्षण आपल्या खेड्यांतही कमी नाही. इंजेक्शन दिले नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही असे पुष्कळांना वाटते, आणि गोळीने भागणाऱ्या तापासाठी सलाइन लावून घेतले जाते. सरकारी लसीकरणात एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज वापरली जाते, त्यामुळे तेथे भीतीचे कारण नाही. प्रश्न आहे तो पदवी नसताना इंजेक्शन देणाऱ्यांचा व पैसे वाचविण्यासाठी तीच सिरिंज पुन्हा वापरणाऱ्यांचा. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजांमुळे हिपॅटायटिस बी ची साथ पसरून अनेकांचे प्राण गेले होते. जत्रेतील गोंदणाची सुई आणि केशकर्तनालयातील न बदललेले पाते हीदेखील याच मालिकेतील साधने होत.

ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत यांतील बरेच काही येते. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत गावात इंजेक्शने कोण देतो, सिरिंज रुग्णासमोर नव्या वेष्टनातून काढली जाते काय आणि वापरलेल्या सुया कोठे टाकल्या जातात, हे तीन प्रश्न विचारता येतात. जत्रेच्या परवान्यात गोंदणासाठी प्रत्येकास नवी सुई व नवी शाई वापरण्याची अट घालता येते. शिक्षकांना विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी हीच माहिती पोहोचविता येईल. चाचणीसाठी मात्र गावातील सर्वांना रांगेत उभे करण्याची आवश्यकता नाही. पूर्वी, विशेषतः दात्यांच्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी सुरू होण्याआधी, रक्त घेतलेले लोक, डायलिसिसवर असलेले रुग्ण, थॅलेसेमियाची मुले, सुईने अमली पदार्थ घेणारे आणि ज्यांच्या घरात कोणाला हा रोग निघाला आहे असे आप्त, यांना आशा कार्यकर्तीने प्रथम जिल्हा रुग्णालयातील उपचार केंद्राकडे पाठवावे. जलोदर झालेला रुग्ण मद्यपी असला तरी त्याचीही ही चाचणी करून घ्यावी, कारण मद्य व विषाणू एकत्र आले म्हणजे यकृत अधिक वेगाने खराब होते, आणि मद्यपी म्हणून हिणविलेल्या माणसाच्या रक्तातील विषाणू शोधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.